कुंदाताईंच्या गाडीचे सहा रोलर

गाडी एव्हरेज किती देईन, हा एकच प्रश्न मला लोकांनी पस्तीस वर्षं विचारला. लग्नाच्या पंगतीत विचारला, दवाखान्याच्या रांगेत विचारला, एकदा तर मयतीहून परत येताना विचारला. वणीत माझं दुकान होतं, बिनगिअरच्या गाड्यांच्या दुरुस्तीचं. गेल्या वर्षी ते बंद केलं. वडील कोर्टात कारकून होते, काका पोस्टात. घरात हाताला ग्रीस लागलेला मी पहिलाच. वडील शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, पोरगा मशिनरीच्या लाइनीत आहे.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हणून मागणी आली, तेव्हा गमतीचे किस्सेच लिहायचे असं ठरवलं होतं. तसे आहेतही. उमरखेडहून बदलून आलेले एक हेडक्लार्क होते. त्यांना गाडी हळू चालली तरी हरकत नव्हती, पण आवाज नको होता. सकाळी कॉलनीतून निघताना शेजाऱ्यांना कळू नये की साहेब आज उशिरा निघाले, एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांना जड रोलर टाकून दिले. गाडी मांजरासारखी चालू लागली आणि साहेब रोज निर्धास्तपणे उशिरा जाऊ लागले.

पण लिहायला बसलो की हात कुंदाताईंकडेच जातो. त्यांना विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का? म्हणाल्या, लिहा, आडनाव टाकू नका आणि मले बिचारी करू नका. म्हणून आडनाव टाकत नाही. दुसरी अट पाळायचा प्रयत्न करतो.

आधी रोलर म्हणजे काय ते सांगायला हवं. बिनगिअरच्या गाडीत गिअरच नसतो असं लोकांना वाटतं. गिअर असतो, तो हाताने टाकावा लागत नाही इतकंच. इंजिनापाशी एक पुली, मागच्या चाकापाशी दुसरी, दोन्हींवरून एक पट्टा. पुढच्या पुलीच्या दोन थाळ्या असतात. त्या एकमेकींपासून लांब असल्या की पट्टा खोल बसतो. तेव्हा गाडीत ताकद असते, पण ती पळत नाही. थाळ्या जवळ आल्या की पट्टा वर सरकतो. मग गाडी पळते, पण ताकद कमी होते. थाळ्या जवळ आणण्याचं काम सहा रोलर करतात. अंगठ्याच्या पेराएवढे, बाहेरून नायलॉनचे, आत पितळेचा गाभा. इंजिन फिरलं की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि थाळीला रेटतात. जड रोलर लवकर रेटतात, हलके उशिरा. म्हणजे हलके टाकले तर गाडी ताकदीत जास्त वेळ राहते, चढ चढते. एवढीच विद्या. बाकी सगळं वजनाच्या अंदाजावर, आणि तो अंदाज यायला मला दहा वर्षं लागली.

कुंदाताई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा गाडीवरून उतरल्याच नाहीत. लहान इंजिनची गाडी, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवलेलं. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, कुबडी सीटच्या बाजूला पट्ट्यानं बांधलेली. वय चाळिशीच्या आसपास. काम सिकलसेलचं. हा आजार आमच्याकडच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, बऱ्याच घरांत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस हाडाच्या आतून दुखतो. उन्हात फार श्रम झाले, पाणी कमी पडलं की हमखास. कुंदाताई पोडापोडांवर जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घ्यायच्या, तपासायच्या, ज्यांना आजार आहे त्यांच्यापर्यंत गोळ्या पोचवायच्या.

त्यांनी सांगितलेली अडचण साधी होती. मुकुटबनच्या पुढे एक पोड टेकाडावर आहे. चढ पाऊण किलोमीटरचा, मुरमाचा. गाडी मध्यावर दम तोडायची. मग वरून लोक उतरून यायचे आणि गाडी ढकलत न्यायचे. दोन वर्षं असंच चाललं होतं. त्या आठवड्यात ढकलणाऱ्यांत लेतू होता. लेतू तिशीतला, स्वतःच पेशंट. त्याला ताईंनी नको म्हटलं होतं, पण आपल्या दारी येणाऱ्या बाईची गाडी दुसऱ्यांनी ढकलायची आणि आपण उभं राहायचं, हे त्याला पटलं नाही. दुपारी त्याचं अंग धरलं आणि त्याला बैलगाडीत घालून खाली आणावं लागलं.

हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ज्याले गोळ्या द्यायले गेलती, त्यालेच मी दवाखान्यात पाठवलं. भाऊ, माही गाडी कोणी ढकलाव लागू नये. बाकी एव्हरेज किती बी देऊ द्या."

एव्हरेजचं असं बोलणारं पहिलंच गिऱ्हाईक. मी गाडी ठेवून घेतली.

पुलीचा डबा उघडला. राजूरच्या कोळसा खाणींकडून येणाऱ्या गाड्यांत निघते तशीच कोळशाची काळी बुकणी आत साचलेली. रोलर एका बाजूनं घासून चपटे झालेले. नवे मूळ वजनाचे मिळत होते, आठ ग्रॅमचे. मला हलके हवे होते आणि ते वणीत काय, यवतमाळलाही मिळेनात. मग मी नव्या रोलरचा पितळी गाभा लेथवर आतून कोरून घ्यायचं ठरवलं. अडचण ही की सहाही रोलरचं वजन सारखं हवं. एक जरी जड राहिला तर थाळी तिरपी दाबली जाते आणि पट्टा खाल्ला जातो. शेजारी दिगंबरराव सोनार. त्यांच्या काट्यावर सहा रोलर एकेक करून तोलले. दुकानात नथ बघायला आलेल्या बायका बघत राहिल्या. दिगंबररावांनी चष्मा लावून, सोन्याचं सांगतात त्याच गांभीर्यानं वजनं सांगितली आणि मी जिथं जास्त भरलं तिथं कानशीनं घासत गेलो.

पहिल्या खेपेला पाच ग्रॅमवर गेलो. फार हलके झाले. इंजिन नुसतंच किंचाळत राहिलं आणि सपाट रस्त्यावरही गाडी तिशीच्या वर जाईना. दुसऱ्या खेपेला नवे सहा घेतले आणि सहा ग्रॅमच्या किंचित वर थांबलो. ताईंना वजन विचारलं होतं, त्यांनी संकोच न करता सांगितलं होतं. तेवढी वाळू दोन पोत्यांत भरून गाडीवर बांधली, एक स्वतःच्या मागं, एक पुढं पायाशी, आणि वाळूत माझं वजन मिळवल्यावर फारच जास्त होतंय हे लक्षात आल्यावर अर्धी वाळू ओतून टाकली. त्या टेकाडावरच गेलो. गाडी चढली. दमानं, पण न थांबता.

इथंच थांबायला हवं होतं.

पण मध्यावर मुद्दाम थांबून पुन्हा निघून पाहिलं, तर गाडी रांगत निघत होती. ते मला आवडलं नाही. मागच्या पुलीत क्लच असतो. इंजिन पुरेसं फिरलं की क्लचचे बूट, म्हणजे पकडणारे तुकडे, बाहेर येऊन चाकाला धरतात, इंजिन मंदावलं की सोडतात. त्या बुटांना आत ओढून धरणाऱ्या तीन स्प्रिंगा असतात. मी तिथं कडक स्प्रिंगा टाकल्या. आता इंजिन चांगलं जोरात आल्याशिवाय क्लच धरेना, आणि धरला की गाडी चढावर उसळी मारून निघे. हे ताईंनी मागितलं नव्हतं. ही माझी हौस. काम झाल्यावर मी गाडीकडे बराच वेळ बघत उभा होतो, हे आठवतं.

बुधवार हा त्यांचा त्या पोडाचा दिवस. पहिल्या बुधवारी मी माझ्या मोटरसायकलवर त्यांच्या मागं गेलो. नेहमीप्रमाणे चार-पाच माणसं उतारावर येऊन थांबली होती. लेतूही होता, दवाखान्यातून नुकताच आलेला, काठी धरून. गाडी त्यांच्यासमोरून वर निघाली. लोक बाजूला झाले आणि गाडीच्या बरोबरीनं चालू लागले, मग मागं पडले. वर पोचल्यावर ताईंनी गाडी बंद केली, ओढणीनं तोंड पुसलं आणि डब्यातून सुई-कापूस काढून कामाला लागल्या. मला कोणीतरी कोरा चहा दिला. लेतू चढून आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून गेला. त्या दिवशी मला वाटलं होतं की वडील असते तर त्यांना इथं आणलं असतं.

दुकान उघडायचं होतं म्हणून मी ताईंच्या आधी उतरलो. त्या कशा उतरतात ते मी पाहिलं नाही.

पुढे पाच महिने ताई दर बुधवारी त्या चढावर गेल्या. आधी महिन्यातून एकदा जात होत्या. दुकानावरून जाताना हॉर्न वाजवायच्या. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती गोष्ट सांगायचो, रोलर कसे सोनाराच्या काट्यावर तोलले ते रंगवून.

पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी ताईंचा धाकटा भाऊ विनोद एका टेम्पोत गाडी घालून दुकानापुढे आला. पुढचं चाक वाकलेलं, उजवीकडचं जादा चाक दांडीसकट तुटलेलं. विनोद तहसीलमध्ये नोकरीला, बोलणं नेहमी मोजकं. त्यानं सांगितलं की उतारावर गाडी आवरली नाही. खालच्या वळणावर नाला आहे. नाल्यात जाण्यापेक्षा ताईंनी गाडी डावीकडच्या मातीच्या बांधावर घातली. गाडी उलटली आणि उजवा पाय खाली आला. चांगला पाय. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पोडावरच्या माणसांनी बाजेवर घालून खाली आणलं.

गाडी उतरवून झाल्यावर तो जायला निघाला आणि थांबला.

"तुम्ही तिले वर चढवलं, भाऊ. उतरवाव कोणी?"

मग टेम्पोत बसून गेला.

मी मागचं चाक खोललं. ब्रेकचा ड्रम तापून निळा पडला होता, ब्रेकचे बूट जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मग क्लच खोलला. माझ्या कडक स्प्रिंगा जागच्या जागी होत्या, चकचकीत, शाबूत. त्या पाहिल्या आणि काय झालं ते मला कळलं. कोणाला विचारायची गरज राहिली नाही.

उतारावर मूठ सोडली की इंजिन गाडीला मागं धरतं. पण क्लच धरून असेल तरच. ताई उतारावर हळू उतरणार, हळू उतरताना इंजिन मंदावणार, आणि कडक स्प्रिंगांमुळे क्लच लवकर सुटणार. एकदा क्लच सुटला की गाडी मोकळी. मग जादा चाकांचं, दांड्यांचं, ताईंचं, डब्याचं सगळं वजन दोन छोट्या ब्रेकांवर. जादा चाकांना ब्रेकच नव्हता. दर बुधवारी त्या असंच उतरत होत्या. आधी उतरताना दोन माणसं मागून गाडी धरून असायची. चढताना मदत लागेनाशी झाल्यावर त्यांनी उतरतानाही लोकांना नको सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं.

बाजारात सगळे रस्त्याला नावं ठेवत होते. मुरूम वाहून गेला, खड्डे पडले, कंत्राटदारानं असं केलं. दिगंबरराव म्हणाले, पावसानं निसरडं झालं असन, त्यात तुमचा काय दोष. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ब्रेकचे जळके बूट मी एका डब्यात टाकून फळीवर ठेवले. अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी दुकान अर्ध्यातून बंद करून मी ताईंच्या घरी गेलो.

पलंगावर होत्या. पाय लाकडी ठोकळ्यावर उचलून ठेवलेला, कंबरेपर्यंत प्लास्टर. आई चहा करायला आत गेली. मी स्टुलावर बसून सांगून टाकलं, स्प्रिंगा मी कडक केल्या, तुम्ही सांगितलं नव्हतं, त्याच्यानं क्लच लवकर सुटत होता, ब्रेक जळाले ते त्याच्यामुळं. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

त्यांनी क्लच कसा सुटतो ते पुन्हा एकदा समजावून सांगायला लावलं. मी पलंगाच्या पाटीवर बोटानं पुली काढून दाखवली. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्याच बुधवारी कळलं होतं मले. खाली येस्तोवर दोन्ही हात भरून आलते, बोटं सरळ होत नव्हती."

मी विचारलं, मग सांगितलं काहून नाही.

"मले वाटलं, गाडी तर मिस्त्रीनं चांगली केली. मलेच नाही जमून राह्यलं."

आई चहा घेऊन आली. ताईंनी तिला काहीच सांगितलं नाही. चहा पिताना त्या मला पोडाबद्दल बोलत होत्या, की त्यांच्या जागी अजून कोणी नेमलेलं नाही. गोळ्या मुकुटबनला येऊन पडतात. लेतू दर पंधरवड्याला पायी खाली उतरून सगळ्यांच्या गोळ्या घेऊन जातो आणि चढताना तीन ठिकाणी बसतो. मी कप ठेवला. निघताना त्यांनी विचारलं, गाडी दुरुस्त होईन का. होईन म्हणालो. एवढंच बोलणं झालं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती, असं आता वाटतं.

गाडीवर मी चार महिने काम केलं. रोलर तेच ठेवले, ते बरोबर होते. कडक स्प्रिंगा काढून मूळच्याहूनही नरम टाकल्या. त्यामुळे चढावर गाडी रांगतच निघणार होती, निघू दे. भंगारातून दोन जुन्या गाड्यांची ब्रेकसकट चाकं आणली आणि ती जादा चाकं म्हणून बसवली. दोन्हींचे ब्रेक एकाच मुठीवर, सारखे दाबले जातील असे जोडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. एक चाक आधी धरलं की गाडी त्या बाजूला ओढली जायची.

मग टेकाडावर नेली. पहिल्यांदा उतरताना वळणापाशी गाडी जराशी सरकली आणि माझा उजवा पाय आपोआप खाली टेकला. गाडी सावरली. मी तिथंच इंजिन बंद करून बसलो. मागच्या वेळी वाळूची पोती बांधून मी हाच उतार किती वेळा उतरलो होतो, आणि प्रत्येक वेळी माझे दोन्ही पाय टेकायला मोकळे होते. उतरताना पाय लागतात हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण ते होते.

डिक्कीतला सामान बांधायचा पट्टा काढून दोन्ही पाय गाडीच्या पायफळीला बांधले आणि पुन्हा वर जाऊन उतरलो. पाय टेकता येत नाहीत हे माहीत असलं की तोच उतार वेगळा दिसतो. दगड मोठे दिसतात. नाला जवळ आल्यासारखा वाटतो. त्या दिवशी सात वेळा उतरलो. सातव्या वेळी खाली आलो तेव्हा बोटं सरळ होत होती.

ताईंचा पाय पुरता सरळ झाला नाही. आधी एक कुबडी होती, आता दोन झाल्या. विनोदनं गाडी न्यायला नकार दिला होता, घरात भांडण झालं असावं. एका सकाळी ताई रिक्षानं दुकानात आल्या. मी त्यांना जादा चाकांच्या ब्रेकची तिसरी मूठ दाखवली, क्लच आता कुठवर धरतो ते सांगितलं, रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला लावल्या. म्हणालो, बुधवारी मी मागं येतो.

"नका येऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागं असले की मी तुमच्याकडंच पाहून राहीन."

तो बुधवार थंडीचा होता. सकाळी नऊला त्या दुकानापुढून गेल्या. हॉर्न वाजवला नाही. एका शिक्षकाच्या गाडीचं इंजिन खोलून मी समोर मांडलं होतं. दुपारपर्यंत त्यातला एकही नट लावला नाही. दिगंबरराव एकदा येऊन बसले, उठून गेले. पुढच्या रस्त्यानं कोणताही टेम्पो आला की मी त्याच्या हौद्यात बघत होतो.

दीडच्या सुमाराला गाडी आली. ताईंनी ती दुकानासमोर रस्त्याच्या कडेला लावली, इंजिन चालू ठेवूनच. चेहऱ्यावर मुरमाची धूळ होती. पोडावर दोन नवी बाळंतपणं झालीत, दोन्ही लेकरांची तपासणी बाकी आहे, डब्यातलं सामान अपुरं पडलं, पुढच्या बुधवारी परत जाव लागते, असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवत होतो. उतार कसा गेला हे विचारायचं होतं, त्याऐवजी मी मुठीवरच्या त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

"डाव्या चाकात हवा कमी वाटून राह्यली, भाऊ. जरा पाहा."

मी नळी ओढून आणली आणि चाकापाशी गुडघ्यावर बसलो. हवा खरंच कमी होती. भरली. झाकण लावलं. ताईंनी मूठ पिळली, क्लचनं अलगद धरलं, आणि त्या गेल्या.